त्याने वाचवलंच नाही, मग पदक कशाचं? (अँड्र्यू मिनार्स्कीबद्दल मदत हवी आहे)

माल्टनकर

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचतो, आज एका प्रश्नासाठी धागा काढतोय. जरा लांबेल.

आम्ही टोरंटोच्या पश्चिमेला, विमानतळाच्या कुशीत असलेल्या माल्टनमध्ये राहतो. आज इथे गुरुद्वारा, मिठाईची दुकानं आणि पंजाबी पाट्या दिसतात. दुसऱ्या महायुद्धात मात्र याच जागी व्हिक्टरी एअरक्राफ्ट नावाचा प्रचंड कारखाना होता आणि त्यात लँकेस्टर बॉम्बर बनायचे. एकूण ४३० लँकेस्टर इथून बाहेर पडले. हजारो माणसं पाळ्यांमध्ये राबायची, त्यात बायका खूप होत्या. त्या कामगारांसाठी बांधलेल्या वस्तीला व्हिक्टरी व्हिलेज म्हणत, ते नाव अजून टिकून आहे. माझा कामावर जायचा रस्ता तिथूनच जातो.

माझी मुलगी सातवीत आहे. ११ नोव्हेंबरला इथे युद्धात गेलेल्यांचा स्मरणदिन असतो, कोटावर लाल पॉपी लावतात. वर्गातल्या प्रत्येकाने एका माणसाबद्दल लिहून आणायचं आणि पाच मिनिटं बोलायचं आहे. तिने अँड्र्यू मिनार्स्की निवडला, कारण त्याचं विमान, केबी७२६, आमच्या माल्टनमध्ये बनलेलं होतं. मला फार आवडलं हे. ज्या मातीत आपण राहतो तिथलं काहीतरी तिला आपलं वाटलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी हकीकत सांगतो.

मिनार्स्की विनिपेगचा, १९१६ चा जन्म, पोलंडहून आलेल्या कुटुंबातला. वडील लवकर वारले, तेव्हा घराला हातभार म्हणून पोरगा चामडं कापायच्या कामाला लागला. १९४१ साली कॅनडाच्या हवाई दलात गेला आणि एअर गनर झाला. इंग्लंडच्या उत्तरेला मिडलटन सेंट जॉर्जच्या तळावर ४१९ स्क्वाड्रन होती, तिथे सात जणांच्या एका क्रूमध्ये त्याची नेमणूक झाली. वैमानिक आर्ट द ब्रेन, नेव्हिगेटर बॉब बोडी, बॉम्ब टाकणारा जॅक फ्रायडे, वायरलेसवर जिम केली, इंजिनं सांभाळणारा रॉय विगर्स (सातांमधला एकटा इंग्रज), विमानाच्या पाठीवरच्या टरेटमध्ये (म्हणजे मशीनगन बसवलेल्या, फिरणाऱ्या काचेच्या घुमटात) मिनार्स्की आणि अगदी शेपटीच्या टोकाला पॅट ब्रॉफी.

मिनार्स्की आणि ब्रॉफीची घट्ट दोस्ती. ब्रॉफी हुद्द्याने वरचा, पण दोघांमध्ये तो बडेजाव नव्हता. फक्त रात्री निरोप घेताना मिनार्स्की मुद्दाम टाचा जुळवून सलाम ठोकायचा आणि ‘गुड नाइट, सर’ म्हणायचा. त्यांची आपसातली गंमत होती ती.

१२ जून १९४४ ची रात्र. नॉर्मंडीत सैन्य उतरून आठवडाही झाला नव्हता. फ्रान्समधल्या कांब्रेच्या रेल्वे यार्डावर हल्ला करायचा होता. या क्रूची ही तेरावी मोहीम, आणि बॉम्ब टाकायची वेळ येईतो तारीख लागणार होती १३. निघण्यापूर्वी तळावर गवतात बसले असताना मिनार्स्कीला चार पानांचं क्लोव्हर सापडलं. तिकडे ते शुभ मानतात. त्याने ते हट्टाने ब्रॉफीला दिलं.

लक्ष्य जवळ आलं असताना जर्मन युंकर्स ८८ ने मागून, खालून गोळ्या घातल्या. डाव्या पंखावरची दोन्ही इंजिनं गेली. पंख पेटला, आणि विमानाच्या पोटात, दोन्ही गनरांच्या मधल्या भागात, हायड्रॉलिकच्या (तेलाच्या दाबाने टरेट फिरवणाऱ्या यंत्रणेच्या) तेलाने पेट घेतला. इंटरकॉम बंद. द ब्रेनने लाल दिव्याची उघडझाप करून उड्या मारायची खूण दिली.

मिनार्स्की आपल्या टरेटमधून उतरून मागच्या दाराशी आला. उडी मारली की सुटला. तेवढ्यात त्याला मागे ब्रॉफी अडकलेला दिसला. हायड्रॉलिक गेल्यामुळे त्याचं टरेट हलत नव्हतं, आणि हाताने फिरवायचा दांडा त्याच्या हातात तुटून आला होता. मिनार्स्की दाराकडे पाठ करून आगीतून रांगत मागे गेला. कुऱ्हाडीने टरेटवर घाव घातले. मग कुऱ्हाड टाकून नुसत्या हातांनी ओढू लागला. कमरेखालचे कपडे पेटलेले. ब्रॉफीने त्याला ओरडून, हातवारे करून परत पाठवलं. तिथे वळायलाही जागा नाही, म्हणून तो तोंड ब्रॉफीकडेच ठेवून आगीतून मागे मागे सरकत दारापर्यंत गेला. दारात उभा राहिला, ताठ झाला, सलाम केला, ओठ हलले. त्या आवाजात ब्रॉफीला शब्द ऐकू आले नाहीत, पण ते कोणते हे त्याला माहीत होतं.

मिनार्स्कीने उडी मारली तेव्हा तो आणि त्याचं पॅराशूट दोन्ही पेटलेले होते. तो जमिनीवर जिवंत पोचला, फ्रेंच लोकांनी त्याला उचललं, पण भाजणं इतकं होतं की तो वाचला नाही. वय २७.

आणि ब्रॉफी? विमान त्याच्यासकट खाली आलं, पंख झाडावर आदळला, शेपटी गर्रकन फिरली, टरेट सुटलं आणि ब्रॉफी बाहेर फेकला गेला. त्याला म्हणण्यासारखं लागलंसुद्धा नाही. इतर पाचही जण जगले. सातांपैकी मेला तो एकटा मिनार्स्की. पुढे त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, शौर्याचं सर्वांत मोठं ब्रिटिश पदक.

आता मुलीचा प्रश्न. सगळं वाचून झाल्यावर ती म्हणाली, “बाबा, ब्रॉफी तर झाड लागल्यामुळे वाचला. मिनार्स्कीने त्याला वाचवलंच नाही. तो गेला नसता तरी ब्रॉफी वाचलाच असता. मग त्याला व्हिक्टोरिया क्रॉस कशाबद्दल दिला?”

ती चेष्टा करत नाही, वाद घालायचा म्हणूनही बोलत नाही. तिला खरंच कळून घ्यायचं आहे, आणि तिच्या भाषणाचा कणाच हा प्रश्न आहे. ‘प्रयत्न महत्त्वाचा’ असं मी म्हणालो तर ती म्हणते, हे शाळेत भिंतीवर लिहिलेलं आहे, खरं काय ते सांग. तुम्ही काय सांगितलं असतं? इथे सैन्यातले, हवाई दलातले लोक आहेत असं वाचलंय, म्हणून विचारतो.

---

सुलभा_मु

मी शिक्षिका होते, त्याच वयाच्या मुलांना शिकवलं आहे. तुमच्या मुलीचा प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे. तो भाषणातून काढून टाकू नका. तिला म्हणावं, हाच प्रश्न वर्गाला पहिल्या वाक्यात विचार.

एक गोष्ट मला जाणवली. आपण ही हकीकत वाचतो तेव्हा शेवट आपल्याला ठाऊक असतो. मिनार्स्कीला ठाऊक नव्हता. त्याच्या समोर एवढंच होतं की मित्र काचेच्या पिंजऱ्यात अडकलाय आणि विमान पडतंय. ‘गेला नसता तरी चाललं असतं’ हे आपण आज म्हणू शकतो, कारण ते झाड आपल्याला माहीत आहे.

आणि दुसरी बाजू ब्रॉफीची. त्याने मित्राला परत जायला सांगितलं. आपण मरणार हे गृहीत धरून सांगितलं. मुलीला विचारा, यातलं कोणतं काम तुला जास्त कठीण वाटतं? मुलं या प्रश्नावर फार छान विचार करतात.

---

लोहगाव_फिटर

माल्टनकर, मी भारतीय हवाई दलात आर्ममेंट फिटर होतो. ऐन उमेदीची वर्षं पुण्यात लोहगावला कॅनबेरा बॉम्बरवर गेली. लँकेस्टर मी कधी हाताळलं नाही, पण टरेट, हायड्रॉलिक आणि अरुंद जागेत अवजार चालवणं म्हणजे काय ते मला कळतं. त्या बाजूने सांगतो, कारण मला वाटतं उत्तर तिथेच आहे.

शेपटीचा गनर बाकीच्या सहा जणांपासून तोडलेला असतो. पुढचे पाच जण एकमेकांच्या जवळ, मिनार्स्की मध्ये पाठीवर, आणि हा एकटा पार टोकाला, चार ब्राउनिंग मशीनगनांच्या मागे. टरेट इतकं लहान की पॅराशूट घालून आत बसता येत नाही. ते मागे विमानाच्या पोटात टांगून ठेवायचं. म्हणजे बाहेर पडायचं तर आधी टरेट सरळ रेषेत आणायचं, तरच त्याची दारं विमानाच्या आतल्या बाजूला उघडतात. मग हात घालून पॅराशूट घ्यायचं, छातीला अडकवायचं. मग एकतर आतून दारापर्यंत जायचं, नाहीतर टरेट पुन्हा आडवं फिरवून पाठीवर बाहेर पडायचं. हे सगळं पेटलेल्या, कोसळणाऱ्या विमानात, काळोखात.

ब्रॉफीने दारं थोडी उघडून पॅराशूट मिळवलं होतं. आत आग होती म्हणून टरेट आडवं फिरवून उलटं पडायचा त्याचा बेत होता, आणि फिरवताना दांडा तुटला. आता त्याच्याकडे बाहेर यायची एकही वाट नव्हती. टरेटला ताकद इंजिनावरच्या पंपातून मिळते, आणि डाव्या बाजूची दोन्ही इंजिनं बंद. हायड्रॉलिकची नळी फुटली की दोन संकटं एकदम येतात. जे तेल टरेट फिरवतं, तेच बाहेर उडून पेटतं. मिनार्स्की ज्या आगीतून रांगत गेला ती त्याच तेलाची.

अशा टरेटवर कुऱ्हाड चालवून ते सरळ होईल का? मला विचाराल तर होणार नाही. ते गोल कड्यावर बसवलेलं असतं. अडकलं की तरफेने, दोन माणसांनी, उभं राहून जोर लावला तर कदाचित हललं असतं. गुडघ्यावर बसून, पेटत्या कपड्यांनिशी, एकट्याने, नाही. पहिल्या काही घावांतच त्याला हे कळलं असणार, कारण तो गनर होता, त्याला टरेट माहीत होतं. आणि तरी त्याने कुऱ्हाड टाकून हात लावले. मी हे वाचतो तेव्हा इथे थांबतो. कुऱ्हाड टाकली म्हणजे तंत्र संपलं. त्यापुढे तो जे करत होता ते ब्रॉफीसाठी करत होता. टरेट निघेल या हिशेबाने करत नव्हता. मित्राला एकट्याला त्या पिंजऱ्यात मरायला सोडून जायचं नाही, एवढंच शिल्लक होतं.

पदकाचं म्हणाल, तर त्याच्या मानपत्रात लिहिलंय की ब्रॉफीला सोडवायला जाताना आपला जीव जवळपास नक्की जाणार हे त्याला पुरतं माहीत असलं पाहिजे. ब्रॉफी सुटला म्हणून पदक, असं त्यात कुठेही नाही. मुलीला तो मजकूर वाचायला द्या, सगळीकडे उपलब्ध आहे. तिच्या प्रश्नाचं सरकारी उत्तर तेच आहे.

आता माझ्या मनातलं. आमच्या कॅनबेरात, बी(आय)५८ म्हणायचे त्याला, वैमानिकाला इजेक्शन सीट होती. नेव्हिगेटरला नव्हती. वैमानिक वर काचेखाली, नेव्हिगेटर पुढे खाली नाकात. विमान सोडायची वेळ आली तर नेव्हिगेटरने आपल्या पायांनी उजवीकडच्या दारापर्यंत यायचं आणि उडी मारायची. वैमानिकाने दांडा ओढला की तो बाहेर, पण खाली आपला माणूस अजून दारापर्यंत पोचला नाही हे माहीत असताना दांडा ओढायचा कसा? याचं उत्तर कुठल्याही पुस्तिकेत नसतं. ही विमानं आम्ही संध्याकाळी बॉम्ब लावून सोडायचो आणि पहाटे मोजायचो. १९७१ च्या युद्धात बेपत्ता म्हणून ज्या ५४ जणांची यादी आहे, तिच्यात कॅनबेराचे लोकही आहेत. त्यांच्या घरच्यांनी किती वर्षं वाट पाहिली ते तुम्हाला ठाऊक असेलच. त्या विमानांत शेवटच्या मिनिटाला कोण कोणासाठी थांबलं, हे सांगायला कोणी परत आलं नाही.

म्हणून मिनार्स्कीच्या गोष्टीत मला सगळ्यांत मोलाची वाटते ती ब्रॉफीची साक्ष. पाहणारा तो एकटाच होता. तो झाडावर आदळून मेला असता तर मिनार्स्की म्हणजे उडी मारायला उशीर झालेला आणि भाजून मेलेला एक गनर, एवढीच नोंद राहिली असती. फ्रान्समधून सुटून सप्टेंबर १९४४ मध्ये ब्रॉफी इंग्लंडला परत पोचला, तेव्हा त्याला कळलं की मिनार्स्की गेला. मग त्याने सांगायला सुरुवात केली. पदक जाहीर झालं ऑक्टोबर १९४६ मध्ये, दोन वर्षांहून अधिक काळाने. तुमच्या मुलीला माझ्यातर्फे एवढं सांगा: मिनार्स्कीने ब्रॉफीला वाचवलं नाही हे खरं, पण ब्रॉफीने मिनार्स्कीला पुसू दिलं नाही.

---

अनिकेत_को

प्रतिसाद मनापासून वाचले. एक प्रश्न मात्र विचारावासा वाटतो. हे विमान बॉम्ब टाकायला निघालं होतं. खाली माणसं होती. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडने जर्मन शहरांवर जे केलं त्यात लाखो नागरिक मेले. सातवीतल्या मुलीच्या भाषणात हे यावं की नाही?

---

माल्टनकर

अनिकेत, यायला हवं, आणि येणार आहे. त्या रात्रीचं लक्ष्य रेल्वे यार्ड होतं, जर्मन सैन्याची रसद नॉर्मंडीकडे जाऊ नये म्हणून. पण फ्रान्समधली यार्डं गावांना चिकटून होती आणि त्या महिन्यांतल्या अशा हल्ल्यांत फ्रेंच नागरिक हजारोंनी मेले. ज्यांना सोडवायला निघाले होते तीच माणसं. मुलीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तरी त्यांनी मिनार्स्कीला उचललं, आणि ब्रॉफीला लपवलं. हे खरं आहे. क्रूमधल्या ज्यांना जर्मनांनी पकडलं नाही, त्यांना फ्रेंच लोकांनीच आसरा दिला. सापडले असते तर त्या घरांना गोळी होती. मिनार्स्कीची कबर आजही अमियाँजवळच्या मेअरिकूर गावाच्या स्मशानभूमीत, गावकऱ्यांच्या कबरींशेजारी आहे.

बॉम्बर कमांडच्या सुमारे १,२५,००० उड्डाण करणाऱ्यांपैकी ५५,५७३ मेले. त्यांना लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये स्मारक मिळालं ते २०१२ साली. इतकी वर्षं लागायला बाकीच्या कारणांबरोबर तुम्ही विचारलेला प्रश्नही होता. मी त्याला बगल देणार नाही.

---

रॉकीवाले

मी कॅल्गरीत असतो. कधी इकडे आलात तर मुलीला नँटनला घेऊन या, कॅल्गरीच्या दक्षिणेला तासाभरावर आहे. तिथे बॉम्बर कमांडचं संग्रहालय आहे. बाहेर काळ्या ग्रॅनाइटची लांब भिंत, तिच्यावर बॉम्बर कमांडमध्ये गेलेल्या कॅनडाच्या दहा हजारांवर लोकांची नावं. हुद्द्याप्रमाणे नाही, पदकाप्रमाणे नाही, अक्षरक्रमाने. मिनार्स्की शोधायला मला वेळ लागला, कारण शेजारच्या नावांसारखंच तेही एक नाव आहे. ते मला बरोबर वाटलं. आतलं लँकेस्टरही माल्टनचंच.

तुमच्या जवळ हॅमिल्टनला तर उडणारं लँकेस्टर आहे, एफएम२१३. जगात आज उडू शकणारी लँकेस्टर दोनच, एक इंग्लंडमध्ये आणि एक हे. तेही १९४५ साली माल्टनलाच बनलं. युद्धानंतर समुद्रावर टेहळणी आणि बचावाचं काम केलं, मग गोडरिच गावात बरीच वर्षं उघड्यावर खांबांवर उभं होतं. संग्रहालयाच्या लोकांनी ते आणून, तुकडा तुकडा दुरुस्त करून १९८८ मध्ये पुन्हा उडवलं. त्याला मिनार्स्कीच्या विमानाचीच अक्षरं रंगवली आहेत, व्हीआर-ए. २०१४ मध्ये ते अटलांटिक ओलांडून इंग्लंडला गेलं, तेव्हा मिडलटन सेंट जॉर्जलाही उतरलं. तिथे मिनार्स्कीचा पुतळा आहे, सलाम करतानाचा. तिथल्या लोकांनी वर्गणी काढून २००५ साली उभारला.

लोहगावच्या काकांसाठी एक. ऑटवाच्या विमान संग्रहालयात एक लिबरेटर बॉम्बर आहे, तो भारतीय हवाई दलाकडून आलेला आहे. १९६८ च्या सुमारास अदलाबदल झाली, त्यांनी आपल्याला लायसँडर दिलं. युद्धानंतर टाकून दिलेले लिबरेटर आपल्या हवाई दलाने कानपूरला दुरुस्त करून कितीतरी वर्षं वापरले, म्हणून ते वाचले. मी त्याच्यासमोर उभा राहिलो तेव्हा फार आनंद झाला होता.

---

माणगावची_पोर

मी रायगडमधल्या माणगावची. तुमचा धागा वाचून मला आमचे यशवंत घाडगे आठवले. नाईक यशवंत घाडगे, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. १० जुलै १९४४, इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात. मिनार्स्कीनंतर महिनाभरात.

त्यांच्या तुकडीवर जवळून मशीनगन चालू झाली आणि एका सपाट्यात बाकीचे सगळे जवान मेले किंवा घायाळ झाले. घाडगे एकटे धावत गेले. हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला टॉमीगनने उडवलं. गोळ्या संपल्या आणि नवीन मॅगझिन लावायला वेळ नव्हता, तर बंदूक उलटी धरून उरलेल्या दोघांना तिनेच मारलं. ठाणं हातात आलं, आणि लगेच लांबून लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय २२. त्यांची कबर सापडलेली नाही, नाव इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर कोरलं आहे. इकडे माणगावात त्यांचा पुतळा आहे, लहानपणापासून आम्ही त्याच्यासमोरून गेलो.

घाडग्यांनी जे करायचं ठरवलं ते पुरं केलं. मिनार्स्कीला ते जमलं नाही. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉसच मिळाला, तोच, त्याच धातूचा. तुमच्या मुलीला हे दोन मेडल शेजारी ठेवून बघायला सांगा. देणाऱ्यांनी दोघांत काय सारखं पाहिलं, ते तिचं तिला सापडेल असं मला वाटतं. आणि हो, वर्गात घाडग्यांचं नाव तिने घेतलं तर मला फार बरं वाटेल.

---

माल्टनकर

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री मुलीला शेजारी बसवून एकेक प्रतिसाद वाचून दाखवला. मराठी ती बोलते, वाचायला अडखळते, म्हणून मीच वाचला. लोहगावच्या काकांचा दोनदा वाचायला लावला. “कुऱ्हाड टाकली म्हणजे तंत्र संपलं” हे वाक्य तिने वहीत तिच्या इंग्रजीत उतरवून घेतलंय.

मग ती परत सगळं वाचायला बसली आणि तिला एक गोष्ट सापडली जी माझ्या नजरेतून निसटली होती. विमानाच्या पुढच्या टोकाला, त्याच काही मिनिटांत, जॅक फ्रायडे बेशुद्ध पडला होता. खालचं झाकण उघडताना त्याच्या डोक्याला मार लागला. रॉय विगर्सने त्याला पाहिलं, त्याचं पॅराशूट नीट अडकवलं आणि त्याला भोकातून बाहेर ढकलून दिलं. फ्रायडे जगला. म्हणजे एकाच विमानात, एकाच वेळी, दोन माणसं आपापल्या शेजाऱ्याला सोडवत होती. पुढे झाकण उघडं होतं, म्हणून जमलं. मागे टरेट अडकलं होतं, म्हणून नाही जमलं. ती म्हणाली, “दोघांनी सारखंच केलं, बाबा. फरक मशीनचा होता.”

भाषणाचा आराखडा आता असा ठरलाय. सुलभाताईंनी सांगितल्याप्रमाणे पहिल्या वाक्यात तिचा प्रश्न. मग सातही जणांची नावं, कोण कुठे बसायचं ते विमानाच्या चित्रावर दाखवून. मग विगर्स आणि फ्रायडे, मग मिनार्स्की आणि ब्रॉफी. ब्रॉफीने परत येऊन काय सांगितलं ते. फ्रेंच लोकांचं, यार्डाशेजारच्या घरांचंही. शेवटी यशवंत घाडगे यांच्यासाठी दोन वाक्यं. पाच मिनिटांत बसवायचं म्हणजे काटछाट करावी लागेल, पण घाडगे राहणार, ते तिने ठरवून टाकलंय.

काका, तिचा एक प्रश्न उरलाय आणि तो मला झेपत नाही. मिनार्स्कीचं टरेट पाठीवर होतं, हायड्रॉलिक त्यालाही लागायचं, मग तो कसा बाहेर पडू शकला?

---

लोहगाव_फिटर

शाब्बास. तिला सांगा, पाठीवरच्या टरेटला दार नसतं. ते खालून उघडं असतं. गनर आतून वर चढून बसतो आणि पाय खाली सोडून तसाच उतरतो. टरेट कुठल्याही दिशेला तोंड करून अडकलं तरी खालची वाट मोकळीच राहते. शेपटीच्या टरेटची दारं मात्र एकाच ठिकाणी आली तर आतल्या बाजूला उघडतात.

हॅमिल्टनला गेलात तर तिला त्या विमानाच्या मागच्या दाराशी उभं करा आणि शेपटीकडे बघायला सांगा. दार ते टरेट हे अंतर तिच्या डोळ्यांनी पाहू दे. आणि भाषण झालं की इथे लिहा, मी वाट बघतो.